संशोधनातला फोटो एडिट करायचा कसा, आणि थांबायचं कुठे?

पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी करताना आपण गृहीतक, नमुना निवड, सांख्यिकी हे सगळं वाचतो. पण प्रयोगशाळेत रुजू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच एक वेगळं काम अंगावर येतं. गाइड किंवा सिनियर सांगतात, "हे फोटो जरा नीट करून फिगर बनव." आता हे "जरा नीट करणं" म्हणजे नेमकं काय, हे कुठल्याच प्रश्नपत्रिकेत विचारलेलं नसतं. आणि इथेच चुकलं, तर पुढे पेपर मागे घ्यायची वेळ येऊ शकते. म्हणून आज नवशिक्यांसाठी फोटो एडिटिंगच्या काही युक्त्या बघू, पण संशोधकाच्या नजरेने.

सॉफ्टवेअर कुठलं? दोन पुरेत, आणि दोन्ही मोफत आहेत. मायक्रोस्कोपच्या किंवा जेलच्या फोटोंसाठी इमेजजे, किंवा त्याचंच भरपूर प्लगइन घातलेलं रूप म्हणजे फिजी. इमेजजे अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये वेन रासबँड यांनी तयार केलं. साध्या फोटोंसाठी आणि मांडणीसाठी गिम्प.

फोटो म्हणजे आकड्यांचा तक्ता

ही एक गोष्ट डोक्यात बसली की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. कृष्णधवल ८-बिट फोटोत प्रत्येक पिक्सेल म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. १६-बिट फोटोत हीच मजल ६५,५३५ पर्यंत जाते. म्हणजे तुम्ही ब्राइटनेसचा स्लायडर सरकवता, तेव्हा चित्र "सुंदर" होत नसतं, तुम्ही हजारो निरीक्षणांवर एकदम गणित करत असता. एक्सेलमधल्या रीडिंग्जवर असं काही करताना आपण चार वेळा विचार करू. फोटोच्या बाबतीतही तेवढाच विचार करायचा.

युक्ती पहिली: मूळ फाइलला हात लावायचा नाही

फोटो घेतला की मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि ती 'फक्त वाचण्यासाठी' करून टाका. काम नेहमी कॉपीवर. इमेजजेमध्ये इमेज मेनूत 'डुप्लिकेट' असतं, तिथूनच सुरुवात करायची सवय लावा.

फाइल टिफ किंवा पीएनजीमध्ये ठेवा. जेपेग जागा वाचवण्यासाठी चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन करतं आणि त्यातला बारीक तपशील टाकून देतं. दर वेळी पुन्हा सेव्ह केलं की आणखी थोडं जातं. घरच्या फोटोत हे कळत नाही, पण पेशीच्या कडेवर किंवा फिकट बँडवर नक्की कळतं. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की तेच होतं, म्हणून पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. वर्डसुद्धा फाइल सेव्ह करताना चित्रं दाबतं. प्रबंध लिहायला घेण्याआधी त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्रं न दाबण्याचा पर्याय निवडून ठेवा.

युक्ती दुसरी: ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट, पण हिशोबाने

समजा काळ्या पार्श्वभूमीवर चमकणाऱ्या पेशींचा फोटो आहे. पार्श्वभूमीचा आकडा ४०, एका फिकट पेशीचा ६० आणि एका ठळक पेशीचा २००. इमेजजेमध्ये ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टची खिडकी उघडून 'सेट' दाबा आणि किमान ४०, कमाल २०० द्या. आता ४० चा झाला ०, २०० चा झाला २५५ आणि ६० चा झाला साधारण ३२. फोटो उठून दिसतो आणि फिकट पेशीही दिसते. हा रेषीय बदल, आणि तो सर्वसाधारणपणे मान्य आहे.

आता किमान ४० ऐवजी ६० द्या. फोटो आणखी "स्वच्छ" होईल, पार्श्वभूमी काळीकुट्ट. पण फिकट पेशीही ० झाली, म्हणजे गायब. तुम्ही काही खोडलं नाही, फक्त स्लायडर सरकवला, तरी वाचणाऱ्याला वाटेल की तिथे पेशीच नव्हती. संशोधनातली बरीच गडबड अशीच होते, वाईट हेतू नसताना.

हे टाळायला फिजीमध्ये एक छान सोय आहे. लुकअप टेबल्समधून 'हायलो' निवडा. पूर्ण काळे झालेले पिक्सेल निळे दिसतात आणि पूर्ण पांढरे झालेले लाल. निळं-लाल फार पसरायला लागलं की समजायचं, माहिती कापली जातेय.

अजून एक गोष्ट नीट बघा. मूळ फोटोत ठळक पेशी फिकट पेशीच्या सव्वातीन पटींहून जरा जास्त होती (२०० भागिले ६०). बदलानंतर ती जवळजवळ ८ पट झाली (२५५ भागिले ३२). म्हणून दाखवण्यासाठी एडिट केलेल्या फोटोवर तीव्रतेची मोजमापं कधीच करायची नाहीत. मोजमाप मूळ फाइलवर, सजावट कॉपीवर. इमेजजेमध्ये 'अप्लाय' दाबेपर्यंत फक्त दिसणं बदलतं, आकडे तेच राहतात. पण १६-बिटचा फोटो ८-बिटमध्ये बदललात, की त्या क्षणी पडद्यावर जी मर्यादा असेल तिच्यानुसार आकडे कायमचे बदलतात. इथे नवखे हमखास फसतात.

आणि गामा? तो रेषीय नसतो. काळसर भाग जास्त उजळतो आणि उजळ भाग कमी. कधीकधी तो लागतो, पण वापरला तर फिगरच्या खाली किंवा पद्धतींच्या प्रकरणात तसं लिहायलाच हवं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बदल पूर्ण फोटोवर करा, आणि तुलना असेल तर कंट्रोल आणि प्रयोग या दोन्ही फोटोंवर तेच आकडे वापरा. 'ऑटो' बटण प्रत्येक फोटोसाठी वेगळी मर्यादा ठरवतं. कंट्रोलवर एकदा आणि प्रयोगावर एकदा 'ऑटो' दाबलंत, तर तुलनाच संपली.

युक्ती तिसरी: क्रॉप, फिरवणं आणि आकार

क्रॉप चालतो, पण निष्कर्षाला अडचणीचा असलेला कोपरा कापायला नाही. फोटो ९० अंशांत फिरवला तर पिक्सेल नुसते जागा बदलतात. पण ३ किंवा ७ अंशांत फिरवला, तर सॉफ्टवेअर शेजारच्या पिक्सेलवरून नवे आकडे तयार करतं. म्हणून शक्यतो फोटो घेतानाच सरळ घ्या.

बरीच जर्नल्स ३०० डीपीआय मागतात. ८५ मिलिमीटर रुंदीच्या चित्रासाठी याचा अर्थ साधारण १००० पिक्सेल. तुमच्या फोटोत ४०० च पिक्सेल असतील, तर डीपीआयच्या रकान्यात ३०० लिहून काहीच होत नाही, आणि ताणून मोठा केला तरी नवा तपशील येत नाही. हे गणित फोटो घेण्याआधीच करायचं.

फोटोखाली नुसतं "४०० पट" असं लिहू नका. पानावर फोटो लहान-मोठा झाला की तो आकडा खोटा ठरतो. त्याऐवजी स्केल बार घाला. समजा १२०० पिक्सेलचा फोटो प्रत्यक्षात ३०० मायक्रोमीटर रुंद आहे, म्हणजे एक पिक्सेल पाव मायक्रोमीटरचा. ५० मायक्रोमीटरचा बार २०० पिक्सेल लांब होईल. इमेजजेमध्ये 'सेट स्केल'मध्ये हे भरा आणि मग 'स्केल बार' टाका. पुढे फोटो निम्मा केला तरी बारही निम्मा होतो, म्हणून तो खरंच बोलत राहतो.

युक्ती चौथी: रंग सगळ्यांना दिसतील असे निवडा

लाल आणि हिरवा एकत्र करून दाखवायची सवय जुनी आहे, पण बऱ्याच जणांना, विशेषतः पुरुषांना, हे दोन रंग वेगळे ओळखू येत नाहीत. लालऐवजी मॅजेंटा वापरा. फिजीमध्ये त्यासाठी तयार आज्ञा आहे, आणि रंगांधळ्या व्यक्तीला चित्र कसं दिसेल हे तपासायचीही सोय आहे.

आता थांबायचं कुठे?

गिम्पमधलं क्लोनचं टूल लग्नाच्या फोटोतला डाग काढायला उत्तम आहे. संशोधनात तो "डाग" म्हणजे निरीक्षण. धूळ असेल तर स्लाइड पुसून पुन्हा फोटो घ्या. एआयने फोटो "एन्हान्स" करणारी टूल्सही यातच धरा. ती दुसऱ्या चित्रांवरून अंदाज बांधून तपशील भरतात, आणि तो तपशील तुमच्या नमुन्यातला नसतो. मोबाइलचा कॅमेराही हे गुपचूप करतो, म्हणून त्यावर शक्यतो विसंबू नका.

दोन वेगळ्या जेलमधल्या लेन शेजारी लावून एकच जेल असल्यासारखं दाखवायचं नाही. शेजारी ठेवणं भागच असेल, तर मधे स्पष्ट रेघ मारा आणि मजकुरात तसं सांगा.

हे किती गंभीर असतं, त्याचं एक उदाहरण. जानेवारी २०१४ मध्ये जपानच्या रिकेन संस्थेतल्या हारुको ओबोकाता यांचे स्टॅप पेशींवरचे दोन पेपर 'नेचर'मध्ये आले आणि जगभर गाजले. रिकेनच्या समितीने १ एप्रिलला दोन बाबतींत गैरवर्तन झाल्याचा निष्कर्ष दिला. एकात जेलच्या फोटोत दुसऱ्या जेलची लेन, आकार आणि कॉन्ट्रास्ट जुळवून, बसवली होती. दुसऱ्यात डॉक्टरेटच्या प्रबंधातल्या वेगळ्या प्रयोगाची चित्रं इथे वापरली होती. लेन अशी बसवणं चालत नाही हे माहीत नव्हतं, असं त्यांचं म्हणणं होतं. समितीने ते मानलं नाही. जुलैमध्ये दोन्ही पेपर मागे घेतले गेले. प्रबंधाची स्वतंत्र चौकशी झाली आणि २०१५ मध्ये वासेदा विद्यापीठाने पदवीही काढून घेतली. "माहीत नव्हतं" हे उत्तर कुणी ऐकून घेत नाही, म्हणून हे सुरुवातीलाच माहीत करून घ्यायचं.

आणि कोण एवढं बघतंय, असंही समजू नका. एलिझाबेथ बिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४० जर्नल्समधले २०,६२१ पेपर डोळ्यांनी तपासले आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापले. ३.८ टक्के पेपरांत संशयास्पद पुनरावृत्तीची चित्रं सापडली. आता तर बरीच जर्नल्स छापण्याआधीच चित्रं तपासून घेतात आणि मूळ फाइल मागतात.

शेवटची युक्ती: केलेलं लिहून ठेवा

इमेजजेमध्ये मॅक्रो 'रेकॉर्ड' करायची सोय आहे. ती चालू ठेवली की तुमची प्रत्येक पायरी आपोआप लिहिली जाते. तो मजकूर फोटोशेजारीच सेव्ह करा. मग पद्धतींच्या प्रकरणात लिहायला असं काहीतरी सहज तयार होतं:

"सर्व छायाचित्रे समान एक्स्पोजरवर घेतली. इमेजजेमध्ये ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट संपूर्ण चित्रावर, कंट्रोल व प्रायोगिक नमुन्यांसाठी सारख्या मर्यादांनी (४० ते २००) रेषीय पद्धतीने बदलले. मोजमापे मूळ टिफ फाइलवर केली. स्केल बार: ५० मायक्रोमीटर."

यातून एक सोपी कसोटीही मिळते. फोटोवर तुम्ही जे केलं, ते असं चार ओळींत उघडपणे लिहायला संकोच वाटत असेल, तर ते करू नका. करायचं की नाही हे ठरत नसेल, तर मूळ आणि बदललेला फोटो शेजारी ठेवून गाइडला दाखवा आणि विचारा, "सर, मॅडम, या दोन्हींवरून निष्कर्ष एकच निघतोय ना?"

सरावाला आजच इमेजजे उतरवून घ्या. त्याच्या फाइल मेनूत 'ओपन सॅम्पल्स'मध्ये तयार फोटो असतात. त्यातला एक उघडा, किमान-कमाल आकडे बदलून बघा आणि पहिला तपशील कुठल्या आकड्याला गायब होतो ते वहीत लिहा.