मुंबईची जुनी लोकल रत्नागिरीला का चालणार नाही

कोकण रेल्वेचा सगळा मार्ग 2022 मध्ये विजेवर आला, आणि मग साहजिकच प्रश्न येतो: मुंबईत सेवेतून काढलेल्या लोकल भंगारात घालण्यापेक्षा रत्नागिरी-चिपळूण का सोडत नाहीत? यामागची गरज अगदी खरी आहे, समज मात्र चुकीचा आहे. वरची तार सारखी दिसली म्हणून वीज सारखी नसते. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती 1500 व्होल्ट डीसीवर, आणि हार्बर मार्गावर ही वीज एप्रिल 2016 पर्यंत टिकली. कोकण रेल्वेच्या तारेत 25,000 व्होल्ट एसी आहे. जुन्या डीसी मोटरकोचमध्ये तारेतली वीज रेझिस्टन्सच्या पेट्यांतून मोटरींना मिळायची. दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर त्यात नव्हताच.

मग यंत्रणा बदला, असे कोणी म्हणेल. दोन्ही विजांवर चालणाऱ्या लोकल मुंबईत आल्याच होत्या, आणि डीसी गेल्यावर त्या एसीवर धावत राहिल्या. त्यामुळे डीसीबरोबर सगळ्या लोकल भंगारात गेल्या, हेही खरे नाही. पण डब्याचे आयुष्य धरले जाते साधारण 25 वर्षे. समुद्राची खारी हवा, पावसाळा आणि दारात लोंबकळणारी गर्दी सोसून दाराचे उंबरे आणि जमिनीखालचा पत्रा गंजतो. अशा सांगाड्यावर नवी महागडी यंत्रणा चढवणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. शिवाय लोकलला शौचालय नाही, चढायला पायऱ्या नाहीत. बुटक्या फलाटावर म्हाताऱ्या माणसाने कसे चढायचे, आणि दिवा ते रत्नागिरी इतके तास कसे काढायचे?

निकामी ठरलेला डबा वायाही जात नाही. कामाचे सुटे भाग काढले जातात, उरलेल्याचा ई-लिलाव होतो, आणि कापलेले पोलाद वितळवायला भट्टीत जाते. काही जुन्या लोकल तर रुळांलगतचा गाळ-कचरा वाहणाऱ्या ‘मक स्पेशल’ म्हणून मुंबईतच राबल्या. रत्नागिरीकरांनी मागायची ती शौचालयासह नवी मेमू (लांबच्या मार्गांसाठीची विजेची लोकल), आणि तिच्यासाठी जागा: वीर स्थानकाच्या पुढे मार्ग अजून एकेरी आहे, समोरून गाडी आली की आपली गाडी स्थानकात थांबवावी लागते, आणि ही अडचण कोणत्याही जुन्या डब्याने सुटणारी नाही.