खारे पाणी, वीज आणि जखमेवरचा फेस

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांची कुटुंबे साखर कारखान्यांकडे निघतात आणि वाड्या-तांड्यांवर पुष्कळदा उरतात ती वृद्ध माणसे व शाळकरी नातवंडे. अशा घरात आजोबांच्या तळपायात काटा रुततो. मधुमेहामुळे तो जाणवत नाही. चार दिवसांनी जखम दिसते, तेव्हा फडताळातील हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली बाहेर निघते. जखमेवर फेस येतो आणि औषध लागू पडले, असे समाधान वाटते.

हा फेस फसवा आहे. रक्तात व पेशींत कॅटालेज नावाचे विकर असते. ते पेरॉक्साइडचे पाण्यात व प्राणवायूत विघटन करते. जंतू नसलेल्या ताज्या जखमेवरही फेस येतोच. उलट, बाटलीतील ३ टक्क्यांचे द्रावणही नव्याने भरून येणाऱ्या पेशींना इजा करते. म्हणून मधुमेही पायाची जखम रोज पेरॉक्साइडने धुऊ नये. उकळून गार केलेल्या पाण्याने किंवा सलाइनने धुवावी, स्वच्छ पट्टी बांधावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. खोल, अरुंद तोंडाच्या जखमेत तर ते कधीच ओतू नये. तयार झालेला वायू रक्तवाहिनीत शिरू शकतो.

थेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८१८ मध्ये शोधलेले हे द्रव्य आज मोठ्या कारखान्यांत बनते. आपल्याकडे नॅशनल पेरॉक्साइड कंपनीने ते कल्याणला अनेक दशके तयार केले. आता संशोधक ते जागच्या जागी, खाऱ्या पाण्यात वीज सोडून मिळवू पाहत आहेत. कार्बनच्या ऋणाग्रावर हवेतील प्राणवायूला दोन इलेक्ट्रॉन मिळाले की पेरॉक्साइड तयार होते. अडचण मिठाचीच आहे. धनाग्रावर मिठातील क्लोराइडपासून क्लोरीन व त्यातून हायपोक्लोराइट बनते, आणि ही दोन्ही द्रव्ये एकत्र आली की एकमेकांना नष्ट करतात. मागे उरते मीठ, पाणी व प्राणवायू! त्यामुळे मध्ये पडदा घालावा लागतो.

पडदा न घालता केवळ हायपोक्लोराइट बनवणारी यंत्रे मात्र पाणी निर्जंतुक करण्यासाठी केव्हाच वापरात आली आहेत. टँकर व कूपनलिकांवर विसंबणाऱ्या गावांना त्यांचा उपयोग अधिक आहे, असे मला वाटते. गावात टीसीएल पावडर टाकतात, तिचेही काम तेच. औषध मिसळल्यावर अर्धा तास थांबून मगच पाणी प्यावे. पाण्यात दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहावा, असे भारतीय मानक सांगते. आरोग्य कर्मचारी ओटी चाचणीत पिवळा रंग पाहून तो तपासतात.

मिठाच्या पाण्यात बॅटरीच्या तारा बुडवून हा प्रयोग घरी करू नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू दमेकऱ्यांना विशेष घातक आहे. पेरॉक्साइडची बाटली अंधारात, मुलांपासून दूर ठेवावी आणि मुदत संपलेली टाकून द्यावी.