बिनमुठीचा क्लच

क्लच म्हटला की डाव्या हाताची मूठ आठवते. 1984 साली पुण्याच्या कायनेटिकने जपानी होंडाशी भागीदारी केली आणि त्यांच्या स्कूटरने ती मूठच निकालात काढली. 1998 साली होंडा त्यातून बाहेर पडली. शिरगावात कुणाच्या मागीलदारी ही जुनी स्कूटर असेल, तर तिला क्लच शोधताना दुकानदाराच्या ‘बसेल हो’ या आश्वासनावर विसंबू नये.

इंजिन वेग घेऊ लागले की मागच्या चाकाजवळचे क्लचचे बूट फाकतात आणि भोवतालच्या वाटीला आतून घट्ट धरतात. वेग उतरला की स्प्रिंगा त्यांना मागे ओढतात. पट्ट्यावर चालणाऱ्या कॅनडातील बर्फगाड्यांचे मर्मही याच केंद्रापसारी ओढीत आहे! तेव्हा नवा क्लच घेताना वाटीचा आतला व्यास, दांड्यावरील खाचा आणि पट्ट्याची रुंदी जुन्याशी ताडून पाहावी.

खरी गोम स्प्रिंगांची. त्या ताठ असल्या, तर इंजिन आक्रोश करते आणि गाडी चढावर रेंगाळते. त्या ढिल्या असल्या, तर उभी गाडीही पुढे ओढ घेते; लईराईच्या जत्रेच्या गर्दीत हे किती घातक, ते सांगावयास नको. वाटी शाबूत असेल, तर परकी जोडी बसविण्यापेक्षा जुन्याच बुटांना नवे लायनिंग लावून घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. मात्र आतली लाल धूळ आधी झाडून घ्यावी, आणि पट्ट्याला तेलाचा थेंबही लागू देऊ नये.