सीट मोडकी म्हणून विमान मोडकं?

“ज्यांना साधी सीट धड ठेवता येत नाही, ते इंजिन काय धड ठेवणार?” हे वाक्य हल्ली इतक्या ठिकाणी आणि इतक्या खात्रीने ऐकू येतं की एकदा त्याचा नीट समाचार घ्यायलाच हवा. विमानतळावरच्या रांगेत ते ऐकू येतं, लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं, आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फाटक्या सीटचा फोटो पडला की खाली लगेच येतंच. रोख बहुतेकदा एअर इंडियाकडे असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांना भोपाळहून दिल्लीला येताना खचलेली सीट मिळाली. त्यांनी ते जाहीरपणे लिहिलं आणि कंपनीने माफी मागितली. तक्रार रास्तच होती. पूर्ण भाडं घेऊन मोडक्या सीटवर बसवणं हा ग्राहकाचा अपमान आहे. पण मंत्र्यांनी तक्रार केली होती सीटची, आणि लोकांनी त्यातून निकाल लावला विमानाचा.

त्यानंतर १२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान कोसळलं आणि २६० माणसं गेली. त्याच दिवशी, त्याच विमानातून आधी दिल्लीहून अहमदाबादला आलेल्या एका प्रवाशाचा व्हिडिओ फिरू लागला. एसी चालत नाही, समोरचा पडदा चालत नाही, क्रूला बोलवायचं बटण चालत नाही. झालं, लोकांचा निष्कर्ष तयार! जुलैमध्ये तपास यंत्रणेचा प्राथमिक अहवाल आला. एसीचा किंवा पडद्याचा अपघाताशी संबंध जोडणारं त्यात काहीही नाही. उड्डाणानंतर काही सेकंदांत दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच ‘रन’वरून ‘कटऑफ’वर गेले, अशी नोंद त्यात आहे. ते का गेले, हे ठरवणं तपास करणाऱ्यांचं काम आहे. राहिला एसी. जमिनीवर उभ्या असलेल्या विमानातला थंडावा शेपटीतल्या छोट्या इंजिनावर किंवा बाहेरून जोडलेल्या यंत्रावर चालतो, आणि जूनमधल्या दिल्लीत तो अपुरा पडणं नेहमीचंच आहे. इतक्या माणसांच्या मृत्यूला बंद पडद्याचं कारण चिकटवणं मला संतापजनक वाटतं. खऱ्या प्रश्नांवरचं लक्ष त्यामुळेच उडतं.

आता मूळ गैरसमजाकडे येऊ. विमानातल्या बिघाडांच्या नोंदी साधारण दोन ठिकाणी होतात. सीट, दिवा, पडदा, स्वच्छतागृहाची कडी हे केबिन क्रू ‘केबिन लॉग’मध्ये लिहितात. इंजिन, चाकं, ब्रेक, रडार यांच्या तक्रारी पायलट ‘टेक लॉग’मध्ये लिहितात. टेक लॉगमधल्या प्रत्येक नोंदीवर परवानाधारक इंजिनिअरची सही झाल्याशिवाय विमान हलत नाही. काय बिघडलेलं असताना उडता येईल, कोणत्या अटीवर आणि किती दिवस, याची प्रत्येक कंपनीची एक यादी असते. तिला ‘एमईएल’ म्हणतात आणि ती विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएने मंजूर केलेली असते. एखाद्या बिघाडाला ३ दिवसांची मुदत असते, एखाद्याला १० दिवसांची, एखाद्याला १२० दिवसांची. मुदत संपली की विमान जमिनीवर. प्रवाशाच्या सोयीच्या वस्तूंना एवढी कडक शिस्त नाही. म्हणूनच एकाच विमानात पडदा महिनाभर काळा असतो आणि ब्रेकची तक्रार त्याच रात्री मिटलेली असते.

सीटच्या बाबतीतही नियम झोपलेला नसतो. पाठ मागे जात नसेल, तर ती सरळ उभी पक्की केली की चालतं, कारण उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी ती सरळच हवी असते. पाठ सरळ उभी राहत नसेल, तर मात्र तिथे प्रवासी बसवत नाहीत. ट्रे पकडीत बसत नसेल, तर तो बांधून ठेवायचा, नाहीतर सीट रिकामी सोडायची. पट्टा लागत नसेल, तर सीट बंद. डोक्यावरच्या ऑक्सिजन मास्कचा डबा नादुरुस्त असेल, तर त्याखालच्या सगळ्या सीट बंद. सीटवर आडवी चिकटपट्टी आणि ‘बसू नये’ची चिठ्ठी दिसली की लोक फोटो काढून ‘बघा ही अवस्था’ म्हणून पाठवतात. ती चिकटपट्टी म्हणजे तिथे कुणीतरी नियम पाळल्याची खूण आहे.

मग एअर इंडियाच्या त्या सीट वर्षानुवर्षं तशाच का राहिल्या? कारण नव्या सीटसाठी पैसे काढणं हा धंद्याचा निर्णय असतो आणि सरकारी काळात तो टळत राहिला. २७ जानेवारी २०२२ ला कंपनी टाटांकडे आली तेव्हा काही मोठी विमानं सुट्या भागांअभावी उभीच होती. त्याच वर्षाच्या शेवटी जुन्या मोठ्या विमानांच्या अंतर्भागासाठी ४० कोटी डॉलरची योजना जाहीर झाली, पण काम रखडलं, कारण जगभर सीटचा तुटवडा होता. ‘सुतार बोलवा, आठवड्यात करून देईल’ असं म्हणणाऱ्यांनी विमानाची सीट काय असते ते जाणून घ्यावं. गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट धक्क्याखाली तिची चाचणी होते, गादीचं कापड आणि फोम आगीत किती जळतो हे तपासलं जातं, आणि सगळी मांडणी बदलली की ती पुन्हा प्रमाणित करून घ्यावी लागते. कारण निम्मी दारं बंद असताना ९० सेकंदांत भरलेलं विमान रिकामं व्हायला हवं, ही अट आहे.

या कामाची किंमत मार्गांनीही मोजली. जुलै २०२५ मध्ये पहिलं जुनं बोइंग ७८७ नव्या अंतर्भागासाठी कॅलिफोर्नियातल्या व्हिक्टरविलला गेलं. अशी २६ विमानं आळीपाळीने सेवेतून काढायची म्हणजे तेवढी विमानं कमी. त्यातच २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद झालं, आणि दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरावं लागलं. एकेका फेरीत विमान जास्त तास अडकू लागलं. १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली–वॉशिंग्टन सेवा थांबली ती या दोन कारणांनी, आणि कंपनीने तसं सांगितलंही. सीट बदलाही म्हणायचं आणि सीट बदलायला विमान नेलं म्हणून ‘सेवा बंद पाडली’ असंही म्हणायचं, हे जमणार नाही.

दुसरा मोठा गैरसमज वयाचा. १५ वर्षांची गाडी आपण भंगारात काढतो, म्हणून १५ वर्षांचं विमानही भंगार, असा हिशेब लोक मांडतात. विमानाच्या सांगाड्याचं आयुष्य मात्र प्रामुख्याने फेऱ्यांत मोजतात. प्रत्येक उड्डाणात केबिनमध्ये हवेचा दाब भरला जातो, धड किंचित फुगतं आणि उतरल्यावर आकसतं. धातू थकतो तो या फुगण्या-आकसण्याने. मुंबई–गोवा करणारं विमान दिवसाकाठी कितीतरी वेळा फुगतं, मुंबई–लंडन करणारं फार तर दोनदा. २८ एप्रिल १९८८ ला हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं छत हवेत उडून गेलं आणि एक हवाई सेविका बाहेर फेकली जाऊन मृत्यू पावली. ते विमान १९ वर्षांचं होतं, पण त्याची उड्डाणं झाली होती ८९,६८०, तीही छोट्या पल्ल्याची, समुद्राच्या खाऱ्या हवेत. त्यानंतर जुन्या विमानांच्या तपासणीचे नियम जगभर कडक झाले. आज ठरावीक वर्षांनी विमानाची मोठी तपासणी होते. सीट, भिंतींचे पत्रे, फरशी सगळं काढून सांगाडा उघडा करतात आणि सांधा न् सांधा तपासतात. त्यासाठी विमान कित्येक आठवडे हँगरमध्ये राहतं. एअर इंडियाच्या मोठ्या विमानांचं असं काम आपल्या नागपूरच्या मिहानमध्येही होतं, बोइंगने उभारलेल्या केंद्रात.

यावर कुणी ‘हे सगळं कागदावर’ म्हणत असेल, तर त्यासाठी आकडे आहेत. एमआयटीचे प्राध्यापक जॉन हॅन्समन यांनी २०१४ मध्ये प्रवासी जेट विमानांचं वय आणि जीवघेण्या अपघातांचं प्रमाण ताडून पाहिलं. सुमारे २७ वर्षांच्या वयापर्यंत या दोहोंत संबंध आढळला नाही. आणि उलट बाजू पाहा. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात कोसळलेलं ७३७ मॅक्स कारखान्यातून येऊन जेमतेम अडीच महिने झाले होते, मार्च २०१९ मधलं इथिओपियाचं चार महिन्यांचं होतं. दोन्ही मिळून ३४६ माणसं गेली. त्या विमानांतल्या सीट कोऱ्या करकरीत होत्या. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत ज्या विमानाच्या दाराच्या जागेचं झाकण हवेत निखळलं, तेही काही आठवड्यांपूर्वीच ताब्यात आलेलं होतं. आपल्याकडे गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडली. तिच्याकडे नवी एअरबस विमानं होती, पण नव्या इंजिनांतच दोष निघाल्याने निम्मा ताफा उभा राहिला. जुनं चांगलं, असं मला म्हणायचं नाही. नवी विमानं इंधन कमी खातात, आवाज कमी करतात, ती यायलाच हवीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची मागणी नोंदवली ती योग्यच. पण सुरक्षिततेचा दाखला म्हणून कोऱ्या कापडाकडे बोट दाखवू नका.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

नवं विमान म्हणजे पायाला जागा जास्त, हे खरं नाही. दोन सीटमधलं अंतर कंपनी ठरवते. ७८७ मध्ये एका ओळीत आठ सीट आरामात बसल्या असत्या, पण बहुतेक कंपन्यांनी नऊ बसवल्या. ७३७ पेक्षा एअरबस ए३२० चं धड काही इंचांनी रुंद आहे, म्हणून तिथे खांदे थोडे मोकळे राहतात. एवढाच फरक विमानाचा, बाकी हिशेब कंपनीचा.

नव्या विमानात उतरल्यावर कमी थकायला होतं, हा मात्र भ्रम नाही. जुन्या विमानांत केबिनमधला दाब सुमारे ८,००० फूट उंचीवर असल्यासारखा असतो. ७८७ आणि ए३५० मध्ये तो ६,००० फुटांच्या आसपास ठेवतात, आणि हवाही तितकी कोरडी नसते.

केबिनमध्ये तीच ती हवा फिरत राहते, असंही लोक म्हणतात. साधारण निम्मी हवा बाहेरून ताजी येते, उरलेली हेपा फिल्टरमधून गाळून येते, आणि तासाभरात केबिनमधली हवा २० हून जास्त वेळा बदलते.

न्यूयॉर्कला जाताना पडद्यावरची रेघ वर उत्तरेकडे वाकलेली दिसते, तो वळसा नसतो. पृथ्वी गोल आहे, नकाशा सपाट आहे.

पुण्याहून लंडनला थेट विमान नाही म्हणजे पुण्यावर अन्याय, असं पुण्यात ठामपणे मानलं जातं. पुण्याचा लोहगाव विमानतळ हा हवाई दलाचा तळ आहे, धावपट्टी अडीच किलोमीटरच्या आसपास आणि उंची सुमारे १,९०० फूट. उन्हाळ्यात तिथून इंधनाने आणि माणसांनी भरलेलं मोठं विमान उठवणं परवडत नाही. नवी मुंबईची धावपट्टी ३,७०० मीटर आहे. तुलना तिथेच संपते.

ताफा तरुण असला की विमानं वेळेवर सुटतात, हा समज डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोने मोडला. देशातल्या सर्वांत तरुण ताफ्यांपैकी एक त्यांच्याकडे होता. पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले, आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, कंपनीने पुरेसे पायलट तयार ठेवले नव्हते, आणि एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली.

काळजी करायचीच असेल, तर ती इथे करा: पायलट किती थकलेला आहे, तपासणीची तारीख उलटून तर गेली नाही ना, प्रशिक्षण पुरं झालं का. जुलै २०२५ मध्ये डीजीसीएच्या तपासणीत एअर इंडियात सुरक्षिततेच्या ५१ त्रुटी निघाल्याच्या बातम्या आल्या. त्याआधी आणीबाणीच्या घसरपट्ट्यांची तपासणी थकलेली असताना विमानं उडवल्याबद्दल तिला ताकीद मिळाली होती. फाटक्या सीटच्या फोटोला मिळालेली चर्चा या बातम्यांना मिळाली नाही. त्या त्रुटी दूर झाल्या का, हा प्रश्न खासदारांना विचारा, वर्तमानपत्रांना पत्रं लिहून विचारा.

आणि सीट खरोखर मोडकी मिळाली तर गप्प बसू नका. क्रूला सांगा, नोंद करायला लावा, फोटो आणि सीट क्रमांकासह एअरसेवा पोर्टलवर तक्रार घाला, भरपाई मागा. पडदा बंद असेल तर पुस्तक काढा. पण पट्टा लागत नसेल, तर विमान कितीही नवं असो, त्या सीटवर बसू नका. दार बंद व्हायच्या आत उभे राहा आणि दुसरी सीट मागा.