जुन्या पिकअप वाहनांचे पुनरुज्जीवन (महाराष्ट्र)

जुन्या पिकअप वाहनांचे पुनरुज्जीवन म्हणजे काही दशकांपूर्वीची छोटी मालवाहू वाहने शक्य तितक्या मूळ स्वरूपात दुरुस्त करून पुन्हा चालती करणे होय. पुढे चालकाची केबिन आणि मागे उघडा हौदा अशी पिकअपची सर्वसाधारण रचना असते. जुन्या मोटारींच्या तुलनेत अशी वाहने कमी टिकली, कारण ती झिजेपर्यंत कामाला जुंपली जात आणि शेवटी भंगारात निघत.

पार्श्वभूमी

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज व फार्गो नावांची मालवाहू वाहने तयार होत. नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये स्थापन केलेल्या बजाज टेम्पो कंपनीने जर्मनीतील फिडाल उंड झोन कंपनीच्या सहकार्याने तीनचाकी हॅन्सीट बाजारात आणली. कंपनीचा कारखाना पुढे पुण्याजवळ आकुर्डी येथे आला. १९६९ मध्ये तिने चारचाकी मॅटाडोर आणली. या वाहनांवरील नावामुळे ‘टेम्पो’ हा शब्द मराठीत कोणत्याही छोट्या मालवाहू वाहनासाठी रूढ झाला. कंपनीचे आजचे नाव फोर्स मोटर्स आहे.

दुरुस्तीचे टप्पे

काम सुरू करण्यापूर्वी वाहनाची छायाचित्रे काढतात आणि सुटे केलेले भाग खुणा करून ठेवतात. प्रथम चासी तपासली जाते. पेण-रोहा परिसरासारख्या भरपूर पावसाच्या व खाऱ्या हवेच्या प्रदेशात चासीचे सांधे, केबिनचा तळ आणि हौद्याचा पत्रा लवकर गंजतो. सडलेला पत्रा कापून त्या मापाचा नवा तुकडा वेल्डिंगने जोडतात. वरून नुसती लांबी भरल्यास गंज आतून पसरत राहतो.

इंजिनाचे सिलिंडर झिजले असल्यास बोअरिंग करून मोठ्या मापाचे पिस्टन बसवतात. ब्रेकचे रबरी भाग आणि विजेच्या तारा मात्र सुरक्षिततेसाठी नव्या घालणे इष्ट ठरते. भारतात २००० सालापासून शिसेमिश्रित पेट्रोल बंद झाले. जुन्या पेट्रोल इंजिनांत शिशामुळे व्हॉल्व्हच्या बैठकींचे रक्षण होत असे, त्यामुळे काही इंजिनांत कठीण धातूच्या बैठकी बसवाव्या लागतात. पेट्रोलमधील इथेनॉल जुन्या रबरी नळ्यांना अपायकारक ठरू शकते.

मूळपणाचा प्रश्न

पुसट झालेले मालकाचे नाव, हौद्यावरचे ओरखडे किंवा गावच्या कारागिराने ठोकलेली लाकडी फळी ही त्या वाहनाच्या कामाची साक्ष असते. कारखान्यातून निघाल्यासारखे चकचकीत रूप दिल्यास ती नाहीशी होते. म्हणून काही संग्राहक सुस्थितीतील जुना रंग तसाच ठेवून फक्त यांत्रिक दुरुस्ती करतात.

कायदेशीर स्थिती

केंद्र शासनाच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि मोठे फेरबदल न झालेले वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे वैध राहते. नोंदणी क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. असे वाहन प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज फेरी, इंधन भरणे व देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. त्याचा व्यावसायिक वापर करता येत नाही.

ही तरतूद दुचाकी व चारचाकी वाहनांपुरती आहे. त्यामुळे ‘टेम्पो’ हा शब्द रूढ करण्यात वाटा असलेली तीनचाकी हॅन्सीट तिच्या कक्षेबाहेर राहते. मालवाहू म्हणून नोंदलेल्या चारचाकीच्या बाबतीतही तिचा नोंदणी प्रवर्ग आधी तपासावा लागतो. जुने नोंदणी पुस्तक आणि त्यातील नोंदींशी जुळणारे चासी व इंजिन क्रमांक नसल्यास दुरुस्त झालेले वाहनही रस्त्यावर आणणे अवघड होते.