होडीच्या पोटातलं पॉलिश आणि रात्रीचा खोकला

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि उत्तनच्या किनाऱ्यावर होड्यांच्या डागडुजीला वेग येतो. शांती नगरातून उत्तन काही फार लांब नाही. होडीला बाहेरून रंग देताना तिथे कुणालाही दिसतं. आतलं काम मात्र नजरेआड होतं. केबिनच्या तळाच्या फळ्या खरवडायच्या, पॉलिश पेपरने घासायच्या आणि त्यांवर नवा थर चढवायचा. हे सगळं गुडघ्यांवर बसून, कोंदट जागेत, तेही पाऊस आत येऊ नये म्हणून वरचं झाकण लावून.

डॉक्टर म्हणून मला चिंता या झाकणाची वाटते. थिनर आणि पॉलिशची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, तळाशी साचते, आणि फळ्यांखालच्या पोकळीतही उतरते. काम करणाऱ्याचं नाक नेमकं फळीपासून हातभर अंतरावर असतं. डोकं जड होणं, मळमळणं, पाय लटपटणं ही लक्षणं ‘उपाशीपोटी काम केलं’ म्हणून सोडून दिली जातात. जुना थर काढायला जे रिमूव्हर वापरतात, त्यांपैकी काहींमध्ये मिथिलीन क्लोराइड असतं. शरीरात गेल्यावर त्याचा काही भाग कार्बन मोनॉक्साइडमध्ये बदलतो. बंद न्हाणीघरात ते वापरताना माणसं दगावल्यामुळे अमेरिकेने २०१९ मध्ये रंग काढण्यासाठी त्याची किरकोळ विक्री बंद केली. होडीचं पोट न्हाणीघरापेक्षा मोकळं असतं असं नाही.

पूर्वी होडीच्या लाकडाला माशाचं किंवा काजूच्या टरफलाचं तेल लावत. तेही निरुपद्रवी नव्हतं. टरफलाच्या तेलाने कातडीवर फोड येतात हे कोकणात वेगळं सांगायला नको. पण ते दिसतं, झोंबतं, माणूस लगेच हात मागे घेतो. आताच्या रसायनांचं तसं नाही. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ज्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती शिडाची नौका गोव्यात लाकूड आणि फायबरच्या मेळातून तयार झाली. अशा नौका बांधताना वापरतात ते इपॉक्सी आता साध्या दुरुस्तीतही आलं आहे. हातमोज्यांशिवाय ते हाताळलं तर काहींना हातांवर, पापण्यांवर खाजरा इसब उठतो, आणि एकदा शरीराला त्याचं वावडं झालं की ते सहसा जात नाही.

सगळ्यात फसवा प्रकार दोन डब्यांच्या पीयू पॉलिशचा. दुसऱ्या डब्यातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. हे नाव वाचून अनेकांना १९८४ चं भोपाळ आठवेल. कुळ तेच, रसायन वेगळं. इथे धोका एकाच रात्री मरण्याचा नाही, दमा जडण्याचा आहे. महिनोन्‌महिने काही होत नाही. मग शरीर त्याला ओळखू लागतं आणि अगदी थोड्या वाफेनेही श्वासनलिका आकसतात. त्यातही बऱ्याचदा काम करताना काहीच जाणवत नाही. खोकला आणि छातीतली घरघर सुरू होते काही तासांनी, संध्याकाळी किंवा मध्यरात्री. त्यामुळे संशय जातो पंख्यावर, दमट हवेवर, रात्री खाल्लेल्या दह्यावर. सकाळी ज्या डब्याचं झाकण उघडलं त्याच्यावर कधीच नाही.

आमच्या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात खोकला म्हटला की आधी क्षयाची थुंकी तपासली जाते, आणि ते योग्यच आहे. ती स्वच्छ आल्यावर पुढचा प्रश्न राहून जातो. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि रुग्णाला ‘तुझा धंदा काय’ हे विचारा, असं वैद्यांना बजावलं. तीनशे वर्षांनंतरही गर्दीच्या ओपीडीत हा प्रश्न सुटतो. म्हणून रुग्णानेच सांगावं: सुटीत गावी गेलो की बरं वाटतं, कामावर आलो की पुन्हा सुरू. एवढं कळलं तरी निदान अर्धं होतं. पीक फ्लो मीटर नावाच्या स्वस्त नळीत दिवसातून चार वेळा फुंकून, कामाच्या आणि सुटीच्या दिवसांचे आकडे लिहून ठेवले तर फरक कागदावरच दिसतो. असा दमा ठरला तर ते पॉलिश सोडावं लागतं, आणि जितकं लवकर सोडाल तितकी फुप्फुसं सावरण्याची शक्यता जास्त. नुसता पंप ओढत तेच काम चालू ठेवणं हा उपचार नव्हे.

घासकामाची धूळ हा वेगळा विषय. लाकडाच्या भुशाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ मध्येच कर्करोगकारक ठरवलं. इंग्लंडमधल्या फर्निचर कारागिरांत नाकाच्या एका दुर्मीळ कर्करोगाचं प्रमाण जास्त आढळल्यावरून हा शोध लागला होता. सुतारकाम करणाऱ्याची एकच नाकपुडी सतत चोंदत असेल, त्यातून रक्त येत असेल, तर सर्दीची गोळी घेत न बसता कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. जुन्या रंगात शिसंही असू शकतं. घासलेल्या धुळीचे कपडे तसेच घालून घरी गेलं की ते लहान मुलांपर्यंत पोहोचतं.

काय करता येईल? झाकण उघडं ठेवा. पावसाची सर आली तर काम थांबवा. पंखा असा लावा की बाहेरची हवा तळापर्यंत पोहोचेल. थिनर वापरताना आत इंजिन, ठिणगी, बिडी नको. फवारण्यापेक्षा ब्रशने लावा. कापडी रुमाल किंवा साधा मास्क वाफ अडवत नाही, त्यासाठी कोळशाच्या डब्या असलेला मास्क लागतो. धुळीसाठी एन-९५ चालतो. भुसा झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा. आणि जवसाच्या तेलात भिजलेले बोळे ढिगात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

हे सगळं शांती नगरातल्या वन बीएचकेलाही लागू आहे. एसी लावून, खिडक्या बंद करून कपाटांना पीयू मारणारा कारागीर आणि शेजारच्या खोलीत झोपलेलं बाळ, दोघं तीच हवा घेतात. तपासायला येताना पॉलिशच्या डब्यावरच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढून आणा. हार्डनरच्या डब्याचाही.