खाडी : माशांचं पाळणाघर

• कोळंबी समुद्रात अंडी घालते. पिल्लं भरतीबरोबर खाडीत शिरतात, तिथे वाढतात आणि पुन्हा समुद्राकडे परततात.

• बोय, जिताडा, तांबोशी यांची पिल्लंही कोकणातल्या खाड्यांमध्ये वाढतात.

• खारफुटीच्या मुळांच्या दाटीत मोठ्या शिकारी माशांना शिरणं अवघड जातं. गढूळ पाणी पिल्लांना लपवतं, तर कुजणाऱ्या पानांवर वाढणारे सूक्ष्मजीव त्यांच्या अन्नसाखळीचा पाया असतात.

• जिताडा बहुधा आधी नर असतो, पुढे मादी होतो. म्हणून मोठे मासे जपणं महत्त्वाचं.

• ठाणे खाडी २०२२पासून रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे.

• भराव, सांडपाणी आणि बारीक आसाची जाळी पिल्लांचा घात करतात. समुद्रात मासळी हवी असेल, तर आधी खाडी वाचवा.